चंबूतला चव्वेचाळिसावा चिंचोका

१

त्रेचाळीस सदस्यांनी मत दिलं आणि तांब्याच्या चंबूतून चिंचोके निघाले चव्वेचाळीस.

कुलसचिव वामनरावांनी ते टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर पुन्हा मांडले. सोललेले पांढरे बावीस, सालीसकट तपकिरी बावीस. पांढरा म्हणजे होय, तपकिरी म्हणजे नाही. वामनरावांनी चष्मा काढून पुसला आणि ते तो परत घालायचं विसरले.

मग सभागृहात जे व्हायचं तेच झालं.

“पांढरा जास्तीचा आहे!” प्रगती पॅनलचे मारोतराव बाकावर हात आपटून उभे राहिले. “कोणीतरी दोन टाकले. ठराव पडला, एकवीस विरुद्ध बावीस!”

“पांढराच काहून?” समोरून परिवर्तन पॅनलचा वकील प्रेमानंद उठला. “तपकिरी जास्तीचा आहे. ठराव पास झाला, बावीस विरुद्ध एकवीस!”

“तुले सपन पडलं का?”

“तुमाले पडलं तेच मले पडलं, भाऊ. रंग तेवढा वेगळा.”

वैनगंगा विद्यापीठाची ही अधिसभा. गावभर तिला सिनेट म्हणतात. तिच्यात पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून येतात. विद्यापीठाचे निम्म्याहून जास्त पदवीधर तालुक्यांतले, पण दहाच्या दहा जागा वर्षानुवर्षं नागपूर शहरातच राहत आल्या. शहरात पॅनलं, शहरात गाड्या, शहरात प्रचार. कुहीचा धानउत्पादकाचा पोरगा एम.ए. होतो, मत देतो आणि घरी जातो. त्याच्या कॉलेजात शिक्षक नाही, वाचनालयाला कुलूप आहे, हे सिनेटमध्ये सांगणारं कोणी नसतं. दहांपैकी दोन जागा तालुक्यांसाठी राखाव्यात, असा प्रेमानंदचा ठराव होता.

आणि असल्या ठरावावर मत हात वर करून द्यायचं नाही, ही पहिल्या सिनेटपासूनची रीत. संस्थाचालक इथेच बसलेले, त्यांच्या कॉलेजांतले प्राध्यापकही इथेच बसलेले. मालकाने नोकराचा हात मोजू नये म्हणून जुन्या लोकांनी चिंचोके काढले. पडद्याआड दोन वाडगे. हवा तो एक दाणा उचलायचा, अरुंद गळ्याच्या चंबूत टाकायचा, बाहेर यायचं. बस.

“मग वाडग्यांत उरलेले मोजा न!” मागून कोणीतरी ओरडलं.

“मोजून ठेवतं कोण?” वामनराव हळूच म्हणाले. “मूठमूठ ओततो. पहिल्यापासून तसंच आहे.”

“तर मंग पुन्हा मतदान घ्या,” प्रेमानंद म्हणाला.

मारोतरावांनी नियमांचं पुस्तक उघडलंच होतं. “एका बैठकीत एका ठरावावर एकदाच मतदान. वकीलसाहेब, नियम तुमीच पाठ केले होते न?”

कुलगुरूंनी घंटी वाजवली. “ही या सिनेटची शेवटची बैठक आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर जास्तीचा दाणा कोणता हे सिद्ध झालं, तर निकाल देईन. नाही झालं, तर मतदान रद्द आणि ठराव बाद. पुढची निवडणूक जुन्याच जागांवर होईल.” त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली. “शोध कोण घेणार? दोन्ही बाजूंना चालेल असं एकच माणूस मला दिसतंय.”

सभागृहातल्या सगळ्या माना खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळल्या.

२

खिडकीजवळ मनकर्णाबाई बसल्या होत्या. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, राज्यपालनियुक्त, कुठल्याच पॅनलच्या नसलेल्या. आवाज इतका मऊ की माइक असूनही लोक पुढे वाकून ऐकत.

बाईंचे नेम सगळ्यांना ठाऊक होते. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, सोमवारी एकभुक्त. एक नेम मात्र कोणाला ठाऊक नव्हता. त्या दिवसभरात कोणाबद्दल मनात आलेली एक वाईट शंका संध्याकाळच्या दिव्यापुढे ठेवत आणि सोडून देत. रोज एक. सोडायला शंका सापडली नाही असा दिवस अजून उजाडलेला नव्हता. नागपुरात राहून सिनेटवर असलेल्या बाईला तो उजाडणारही नव्हता.

“माझी एकच अट आहे,” त्या म्हणाल्या. “हे चव्वेचाळीस दाणे आत्ता याच कापडात बांधा. गाठीवर लाख लावा. मारोतराव आणि प्रेमानंद, दोघांनी आपापली मोहोर उमटवा. मग गाठोडं कुलगुरूंच्या टेबलावरून हलायचं नाही.”

तसं झालं. चंबू मात्र बाईंनी मागून घेतला. हातात घेताना त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. दर बैठकीला आरशासारखा लखलखणारा तो चंबू आज पोटाशी लाल होता, पण गळ्याखाली काळपट ओघळ तसेच राहिलेले. घाईत न्हालेल्या पोरासारखा दिसत होता.

त्यांनी कुलगुरूंना विचारलं, “मतदानाआधी हा उपडा करून दाखवला होता?”

“सगळ्यांसमोर. काही पडलं नाही.”

“आणि मोजणीआधी?”

“तीनदा खळखळवला. कोणाचा दाणा वर, कोणाचा खाली, हे कळू नये म्हणून. नेहमीसारखंच.”

बाईंनी मान हलवली आणि बाजूच्या खोलीत जाऊन बसल्या. पहिले आले मारोतराव, आणि आल्या आल्या त्यांनी चोराचं नावच सांगून टाकलं.

३

“धर्मेंद्र,” मारोतराव खुर्चीत रेलून म्हणाले. “माह्याच कुहीच्या कॉलेजातला. माह्याच पॅनलवर निवडून आणला त्याले. अन् आज पडद्यामागं किती वेळ होता पाहिलं न तुमी? बाहेर आला तर घामानं भिजलेला. थंडीत!”

“घाम आला म्हणून दोन दाणे?”

“बाई, मी इथं नागपुरात, सदरच्या ऑफिसात बसून सहा कॉलेजं चालवतो. चेहरा पाहून सांगतो कोणाचा मस्टर खोटा आहे. यानं दोन पांढरे टाकले. उद्याच त्याच्या हातात कागद देतो.”

“दोन जागा तालुक्यांना गेल्या तर तुमचं काय बिघडतं, मारोतराव?”

ते जरा थांबले. “बिघडत काही नाही. पण आज दोन मागून राहिले, उद्या पाच मागतील. अन् मले विचारून मागते का कोणी?” मग त्यांनाच आपलं बोलणं कसंसं वाटलं असावं. “कुहीले कॉलेज कोणी काढलं, बाई? म्या काढलं. तवा हे परिवर्तनवाले कुठं होते?”

त्यात खोटं काही नव्हतं. बाईंनी ते मनात नोंदलं.

प्रेमानंद आला तो बसलाच नाही. त्याचे आजोबा छप्पन्न साली दीक्षाभूमीवरच्या गर्दीत उभे होते. घरात त्यांचा फोटो नव्हता, पण त्यांची वाक्यं होती, आणि नातू ती जिथे तिथे वापरी.

“आजोबा म्हणायचे, आपल्याले इमारत नाही भेटली, जमीन नाही भेटली, एक मत भेटलं. ते मोजताना कोणी हात घालत असन तर मी चूप नाही बसणार, बाई. मारोतरावांच्या कोणीतरी तपकिरी दोन टाकले.”

“पाहिलंत?”

“ऐकलं. मतदानाच्या वेळी सभागृह चिडीचूप असते. दाणा पडला का आवाज येते. मी कान देऊन होतो. एकाच्या वेळी दोनदा आवाज आला.”

“कोणाच्या?”

प्रेमानंद घुटमळला. नाव सांगावं तर मारोतरावांचाच माणूस अडकणार होता, म्हणजे फायदा प्रेमानंदचाच होता. तरी त्याला ते जड गेलं.

“धर्मेंद्रच्या,” तो म्हणाला.

दोन्ही पक्षांचं दिवसभरात पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि तेही एका माणसाला सुळावर देण्यावर.

४

धर्मेंद्र आला तो दारातूनच बोलत आला. “बाई, मी तुमाले सगळं सांगून टाकतो. मी टाकला तो…”

“थांब!” मनकर्णाबाईंचा आवाज चढलेला त्याने विद्यार्थी असतानाही ऐकला नव्हता. “तू कोणता टाकलास ते मला सांगायचं नाही. कोणालाच सांगायचं नाही. त्याच्यासाठीच तर तो पडदा आहे.”

तो मटकन बसला. “पण सर म्हणून राहिले, उद्या टर्मिनेशन. घरी आई आहे, दोन पोरी आहेत. मी सांगितलं तर सुटन न?”

“एकाला सांगून तू सुटशील. पुढच्या वेळी मग प्रत्येकाला सांगावं लागेल.” बाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. “मला फक्त आवाजाचं सांग. दोनदा का आला?”

“हात घामानं ओला होता. दाणा चंबूच्या काठावर आपटला, टण् करून. वाटलं बाहेर पडते आता. मग फिरला आणि आत गेला. एकच दाणा, बाई. देवाशपथ एकच.”

“वेळ का लागला?”

त्याने मान खाली घातली. “दोन वाडग्यांपुढं उभा होतो. नोकरी इकडं, गाव तिकडं. हात उचलतच नव्हता.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मनात शंका होतीच: काठावर दाणा आपटल्याची गोष्ट घडवायला काय लागतं? पण आज संध्याकाळच्या दिव्यापुढे ठेवायला कोणती तरी शंका हवीच होती. त्यांनी ठरवलं, ती आत्ताच ठेवून टाकू.

“जा, जेवून घे,” त्या म्हणाल्या.

“अन् मले पकडलं तर?”

“पकडायला आधी चोर असावा लागतो न.”

तो गेला आणि बाई स्वतःच्याच वाक्यावर अडखळल्या. चोर असावा लागतो. आणि नसलाच तर?

५

कँटीनमधून तर्रीचा वास येत होता. बाईंचा सोमवार होता, जेवायचं नव्हतं. त्या चंबू पुढ्यात घेऊन बसल्या.

समजा, चोर नाही. मारोतराव खरं बोलतात, प्रेमानंद खरं बोलतो, धर्मेंद्र खरं बोलतो. वर्गात त्या पोरांना सांगत, सगळे खरं बोलत असतील आणि तरी उत्तर चुकत असेल, तर चूक गृहीतात आहे. इथलं गृहीत एकच होतं: चव्वेचाळीसही दाणे पडद्याआड मतदानाच्या वेळी पडले.

नसतील पडले तर? एक आधीपासून आत असेल तर? पण चंबू उपडा केला होता, काही पडलं नव्हतं. म्हणजे आत होता, पण सुटा नव्हता. चिकटला होता. मग तीनदा खळखळवल्यावर त्रेचाळीस टणक दाण्यांच्या माऱ्यात तो सुटला.

चिंचोका कशाने चिकटतो?

बाईंनी चंबूच्या तोंडाला नाक लावलं. आणि त्या हसल्या. लहानपणी कन्हानच्या घरी दिवाळीआधी त्या आणि आई अंगणात बसून घासत, तो आंबटढाण वास.

तांबं चिंचेने उजळतं, हे घराघरात ठाऊक आहे. पण अरुंद गळ्याच्या भांड्यात हात जात नाही. तेव्हा चिंच आणि जाडं मीठ आत टाकायचं, थोडं पाणी, आणि खळखळवायचं. जाणती बाई चिंचोके आधी काढून घेते. नंतर भांडं दोन पाण्यांनी विसळते, उन्हात उपडं घालते. ज्याने हा चंबू उजळला, त्याने यातलं काहीच केलं नव्हतं. ओघळही ठेवले होते. ज्याने उजळला तो पहिल्यांदाच उजळत होता.

त्यांनी मोबाइलचा दिवा आत धरला. गळ्याच्या वळणाखाली, जिथे बोट पोचत नाही तिथे, वाळलेल्या चिंचेचा ठिपका होता. मधोमध दाण्याएवढी रिकामी जागा.

रिकामा समजलेल्या चंबूत एक चिंचोका आधीपासून चिकटलेला होता, हे तर सरळ झालं. आता एकच प्रश्न उरला: चंबू ज्याच्या ताब्यात असतो तो कुलसचिव गप्प का?

“वामनराव,” त्यांनी हाक मारली. दाराबाहेर ते उभेच होते. मघापासून असावेत. सदऱ्याच्या पांढऱ्या बटणाला काळा दोरा होता, गाठ वरच्या बाजूला.

“मोजतानाच तुम्हाला कळलं होतं न?” बाईंनी विचारलं.

वामनरावांनी दार लावून घेतलं.

६

“नियम आहे, चंबू इमारतीबाहेर न्यायचा नाही,” वामनराव म्हणाले. “अन् मी दर वर्षी नेत होतो. माही बायको सुभद्रा घासून द्यायची. म्हणायची, तुमच्या सिनेटची भांडणं तुमी करा, भांडं तेवढं लखलखीत ठेवा. मागच्या आषाढात ती गेली. यंदा वाटलं, आपणच करू. शेवटची बैठक, अन् महिनाअखेर मी रिटायर. काळा चंबू कसा ठेवायचा टेबलावर?” त्यांनी चंबूवरच्या काळपट ओघळावरून बोट फिरवलं. “चिंचोके काढायचे असतात हे मले कोण सांगणार होतं, बाई?”

“मग सभागृहात बोलला का नाहीत?”

“इतक्या वर्षांत माह्या नावावर एक शेरा नाही. जाता जाता नियमभंग? पेन्शन अडकन. अन् खरं सांगू का? हे मारोतराव तिचं नाव घेऊन ओरडले असते, ते मले सहन झालं नसतं.”

मनकर्णाबाईंनी चंबू बाजूला सरकवला. “तुम्ही गप्प राहिलात तर धर्मेंद्रची नोकरी जाते. आणि दोन जागा जातात. मी सांगितलं तर तुम्ही पकडले गेलात असं होईल. तुम्ही सांगितलंत तर तुम्ही सांगितलंत असं होईल.” त्या उठल्या. “मी आत जाऊन बसते. माझ्याआधी उभं राहायचं की नाही, ते तुमचं तुम्ही पाहा.”

सुट्टी संपली. सभागृह भरलं. कुलगुरूंनी बाईंकडे पाहिलं. बाई बसून राहिल्या. क्षण गेला, दुसरा गेला, आणि कुजबुज सुरू झाली.

“अध्यक्षमहाराज,” वामनराव म्हणाले, “मले बोलायचं आहे.”

त्यांनी सगळं सांगितलं. सुभद्राबाईंचं नावही घेतलं, आणि ते घेताना त्यांचा आवाज उलट सावरला.

मग कुलगुरूंनी चंबूत दिवा धरून दोन्ही पुढाऱ्यांना ठिपका दाखवला. गाठीवरची लाख तोडली. कापड पसरलं. बाई म्हणाल्या, “जुने चिंचोके कित्येक वर्षं हातांतून फिरलेत. त्यांना आता फक्त माणसांचा वास आहे. चिंचेतून आलेला दाणा मात्र सालीसकट, म्हणजे तपकिरीच असणार, आणि त्याला चिंचेचा वास असेल. मारोतराव, तुम्ही कुहीच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. तुम्हीच पाहा.”

मारोतरावांनी तपकिरी दाणे एकेक उचलले. उलटेपालटे केले. एक जरा जास्त वेळ बोटांत धरला; त्याच्या कडेला चिंचेची बारीक शीर चिकटली होती. त्यांनी तो नाकाजवळ नेला. खिशात टाकला असता किंवा ‘मले काही कळत नाही’ म्हटलं असतं, तर त्यांचं काम झालं असतं. त्यांनी तो कापडाच्या एका बाजूला वेगळा ठेवला.

“हा,” ते म्हणाले. “चिंचेचा वास येते.”

परिवर्तनच्या बाकांवर जल्लोष उसळला, पण मारोतरावांनी हात वर केला. “थांबा. दाणा मी दाखवला, खोटं बोलणार नाही. पण पॉइंट ऑफ ऑर्डर! चंबू बाहेर गेला होता. नियम मोडला. म्हणजे मतदानच रद्द!”

प्रेमानंद उसळून उठणार तोच मनकर्णाबाईंनी माइक जवळ ओढला. सगळे पुढे वाकले.

“चंबू दर वर्षी बाहेर जात होता, मारोतराव. मागच्या वर्षी तुम्ही व्यवस्थापन परिषदेवर गेलात ते मतदान याच चंबूत झालं. तुमच्या दोन कॉलेजांची मान्यताही याच चंबूतून निघाली. आजचं रद्द, तर ती सगळी रद्द. बाहेर गेलेल्या चंबूने मत बदललं असं तुमचं म्हणणं असेल, तर आधी तुम्ही राजीनामा द्या, मग आपण बोलू.”

आधी मागच्या बाकावर कोणीतरी खुसकन हसलं. मग प्रगतीच्याच बाकांवर हसू पसरलं. मारोतराव उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी स्वतःही हसले.

“बाई, तुमी वर्गात अशाच होत्या का?”

“मी नापास फार केले नाहीत,” बाई म्हणाल्या.

कुलगुरूंनी निकाल दिला. चंबूत आधीपासून असलेला दाणा मत नव्हे. बावीस विरुद्ध एकवीस, ठराव मंजूर. कुलसचिवांनी चूक स्वतः सभागृहापुढे मांडली, म्हणून त्यांच्यावर कारवाई करू नये, असा ठराव आला. मांडला प्रेमानंदने. अनुमोदन द्यायला उठले मारोतराव. त्यासाठी चिंचोके लागले नाहीत.

धर्मेंद्र जागेवर बसून होता. जवळून जाताना मारोतराव त्याच्यापाशी थांबले. त्याने कोणता दाणा टाकला ते त्यांना आता कधीच कळणार नव्हतं, आणि ते त्यांनाही उमगलं होतं.

“उद्या कॉलेजात ये,” ते म्हणाले. “वाचनालयाचं कुलूप काढायचं आहे म्हणतेत. किल्ली तुह्याजवळ ठेव.”

बाहेर हिवाळ्याचं ऊन पायऱ्यांवर उतरलं होतं. मनकर्णाबाई रिक्षाची वाट पाहत उभ्या होत्या, तर खालच्या पायरीवर मारोतराव फोनवर कोणाला तरी मोठ्याने सांगत होते, “कुहीतला एखादा पोरगा पाहून ठेव. पदवीधर पाहिजे. नाही गा, सदरचा नाही चालत आता! तिथलाच पाहिजे, तिथं राहणारा, लोकाईले ओळखणारा. अन् कन्हानलेबी फोन लाव.”

प्रेमानंद मागून आला. “काय भाऊ, आतापासूनच?”

“मंग? दोन्ही सीटा तुले फुकट देऊ का?”

“देऊ नका,” मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या. “चांगला भांडणारा पाहा.”